चाकांवरच्या घराला पावसाळ्यात जागा

"मिस्त्री, आत ठेवू का बाहेर?"

म्हात्रे साहेबांनी जीपमधून उतरायच्या आधीच विचारलं. जीपच्या मागे हुकाला एक पांढरं घर जोडलेलं. घरच ते. खाली चाकं, वर खिडक्या, खिडक्यांना पडदे. रोह्याच्या रस्त्यावरची माणसं कामं टाकून बघत उभी राहिली. मीही आधी घर बघितलं, उत्तर नंतर दिलं.

मी बॉडी मिस्त्री. टेम्पो-ट्रकचा सांगाडा, पत्रा, दारं हे माझं काम. इंजिनाला हात लावत नाय. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळी उमर पत्र्यात गेली. पण असली गाडी बघितली नव्हती. हिला कॅरॅव्हॅन म्हणतात. स्वतःचं इंजिन नसतं, दुसऱ्या गाडीने ओढायची. आत पलंग, शेगडी, बेसिन, कपाट. मी खाली झोपून चासी बघितली, भिंती टकटक करून बघितल्या. बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लाय, मध्ये थर्माकोल.

"साहेब, ही तर आईस्क्रीमची गाडी हाय."

"हळू बोला, बायकोने ऐकलं तर..."

"ऐकलं," आतून बाईंचा आवाज आला.

साहेब धाटावच्या कंपनीतून रिटायर झालेले. राहायला पेणला, तिसऱ्या मजल्यावर. खाली जागा फक्त स्कूटरपुरती. पाऊस सुरू झालेला. दिवाळीनंतर दोघांना या गाडीतून समुद्राच्या कडेकडेने कारवारपर्यंत जायचं होतं, तोवर पावसाळाभर ती माझ्याकडे ठेवायची. अडचण एकच, बाईंना दमा. बुरशीचा वास आला की छाती भरायची. लॉजमधल्या ओलसर गाद्यांपायी त्यांचं फिरणं बंद पडलं होतं. स्वतःचा बिछाना घेऊन फिरता यावं म्हणून तर ही गाडी. आता हिलाच बुरशी लागली तर गाडी विकायची, आणि बाईंनी परत घरात बसायचं.

"मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका," बाई म्हणाल्या. "खरं काय ते सांगा."

मला बाई आवडल्या.

जागा दोन होत्या. एक, निडीच्या वाटेवरची माझ्या चुलतभावाची बंद भातगिरणी. जाड भिंती, पक्कं छप्पर, दाराला कुलूप. दुसरी, माझ्या गॅरेजमागचं मोकळं अंगण. जमीन उंच, खाली कातळ, डोक्यावर आभाळ.

साहेब म्हणाले गिरणी. मीही म्हणालो गिरणी. आमच्याकडचा माणूस पावसात जे वाचवायचं ते आत ओढतो. लाकडं, गवऱ्या, पेंढा, शेरडं. दुसरा विचार करायची सवयच नाय.

"आत हवा खेळते का?" बाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले, हवेतली ओल मोजायचं मीटर मागवतो. मी म्हणालो, तोवर मी माझ्या रीतीने बघतो. माझी रीत म्हणजे माझ्या बायकोची, सुलूची. ती पेणच्या व्यापाऱ्यांना पापड लाटून द्यायची. पापडांचे डबे कुठे ठेवायचे हे ठरवायला आधी तिथे एकच पापड ठेवायची. वाकला तर जागा ओली. सुलू गेल्या साली वारली. तिच्या डब्यात थोडे पापड उरले होते, त्यातला एक घेतला. घरात दुसरे नव्हते.

गाडी गिरणीत लावली. गाडीतल्या शेगडीच्या ओट्यावर पापड ठेवला. दुसऱ्या दिवशी तिघं बघायला गेलो. पापड नाय. नुसता चुरा, आणि शेजारी उंदराच्या लेंड्या.

"झाली टेस्ट," साहेब म्हणाले.

मी खाली वाकून भोक शोधलं. बेसिनचा पाइप खाली उतरतो तिथे अंगठ्याएवढी फट होती. गिरणीत कैक वर्षं भात आला नव्हता, पण उंदीर कुठे गेले नव्हते.

"उंदराला आवडला म्हणजे पापड चांगला होता," बाई हसल्या.

"तिचे चांगलेच असायचे."

"कोणाचे?"

"मालकिणीचे. गेली ती."

बाईंचं हसणं थांबलं. "अजून आहेत तिचे?"

"हायेत थोडे."

"ते ठेवा तुम्ही. मी माझे आणून देते."

मी नको म्हणालो नाय.

फटीत तारेची जाळी ठोकली. बाईंचा पापड छताला दोऱ्याने टांगला. चार-पाच दिवसांनी बघतो तर तो ओल्या रुमालासारखा लोंबत होता. तोवर साहेबांचं मीटर आलं. त्यांनी ते पापडाशेजारी धरलं आणि मान हलवली.

"दोघं एकच बोलतायत, मिस्त्री."

गिरणीच्या तीन बाजूंना शेतं, पाण्याने भरलेली. भिंती ते पाणी पितात. आत आलेल्या ओलीला बाहेर जायला वाट नाय.

"मग बाहेर बघू," मी म्हणालो.

"एवढ्या पावसात?"

"बघू तर काय होतं."

मला खरंच बघायचं होतं. गाडी अंगणात आणली. चासीखाली जॅक दिले, नायतर एका जागी उभं राहून टायर चपटे होतात. तोंड जरा वर केलं, म्हणजे छतावरचं पाणी मागे पळतं. गाद्या पेणला धाडल्या, कपाटं उघडी ठेवली, हवेच्या जाळ्या मोकळ्या केल्या. साहेबांना वरून ताडपत्री घट्ट बांधायची होती.

"माझ्या तोंडावर ताडपत्री बांधली तर मी जगेन का?" बाईंनी विचारलं. ताडपत्री जीपमध्येच राहिली.

आत नवा पापड टांगला. झड लागली की तोही मऊ पडायचा. पण पावसाने उघडीप दिली आणि वारा फिरला की दुपारपर्यंत परत कडक. मी रोज बोटाने दाबून बघायचो. काम नसलं तरी जायचो. घरी तरी काय होतं.

दिवाळी झाली. बाहेरून गाडी म्हातारी दिसत होती. छतावर शेवाळ, रंगाची चमक गेलेली. पत्र्याच्या सांध्यात रबरासारखं सीलंट भरतात, ते एका कोपऱ्यात तडकलेलं. त्याच्या खाली आतल्या प्लायवर चहासारखा डाग. तो बघून साहेबांचा चेहरा उतरला. मी तेवढा प्लाय कापून काढला. त्याच्या पलीकडचा कोरडा होता. नवा तुकडा बसवला, सांधा भरला, गाद्या परत आल्या.

मीटर ठीक म्हणत होतं. पण दमा मीटरला नव्हता.

बाई आत गेल्या. खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं. आम्ही दोघं बाहेर कान देऊन उभे. आता खोकला येतो, मग येतो. शेजारी कोणी हातोडा मारायला लागला तर साहेब त्याच्यावर ओरडले. बराच वेळ आतून काहीच नाय.

"अगो, ऐकतेस का?" साहेबांनी दार वाजवलं. उत्तर नाय. त्यांनी दार उघडलं.

बाई पलंगावर तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

साहेबांनी आवाज न करता दार परत लावलं आणि माझ्या स्टुलावर बसले. आठवड्याने दोघं कारवारकडे गेले.

आता कोणी विचारलं तर मी बाहेर म्हणतो. बाहेरून गाडी खराब होते, ते मान्य. पण छप्पर गळलं, पत्रा गेला, तर मी हाय. छातीत शिरलेली ओल काढणारा मिस्त्री मला कुठे भेटला नाय.