पाणी, पानी, नीरु, नीळ्ळू

खडूची भुकटी पदराला लागते ना, तसे किस्से मास्तरणीला लागतात. कितीही झटका, थोडे राहतातच! माझ्या पदराला लागलेले बहुतेक तिसरी ‘ब’चे.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. यंत्रमागांचा खडखडाट थेट वर्गात यायचा. पुढच्या दोन बाकांवर माझी चार रत्नं. पद्मा घरी तेलुगू बोलायची, शिवलिंग कानडी, मेहबूब दखनी उर्दू. आणि मोहोळकडून आलेला सखाराम. तो फक्त मोठ्यानं बोलायचा!

* * *

पहिल्याच आठवड्यात मी पाण्याचा धडा काढला. मेहबूब म्हणाला, "पानी." पद्मा म्हणाली, "नीळ्ळू." शिवलिंग म्हणाला, "नीरु." झालं! खरं नाव कुठलं, यावरून वर्गात हीऽऽ भांडणं. मी आपली समजावतेय, "अरे, सगळीच खरी! ज्याच्या घरी जे म्हणतात, ते त्याचं."

सखाराम हात वर करून उभाच.

"बाई, नाव कायबी ठिवा, पर घंटा व्हायच्या आत पाजा की!"

* * *

शिवलिंगच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं, मेहबूबच्या गळ्यात तावीज. एकदा दोघं डोकी जुळवून बसलेले.

"ह्यात काय हाय?"

"माझा देव. तुझ्यात?"

"मेरी दादी की दुआ."

दोघांनीही एकमेकांच्या वस्तूला हात लावला नाही, नुसतं वाकून वाकून पाहिलं. मला कौतुक वाटलं. म्हटलं, चला, काहीतरी शिकली पोरं! तेवढ्यात मागून सखारामनं आऽ वासला.

"माज्या गळ्यात टॉन्सिल हाय! बगायचं तर लांबनंच बगा!"

* * *

पद्मा डावरी. मी तिला डाव्या हातानंच लिहू द्यायची, यावरून स्टाफरूममध्ये कुरकुर होती. ‘लाडावून ठेवलीय’ वगैरे. त्यात इन्स्पेक्शन आलं. साहेब नेमके पद्मापाशी थांबले आणि खेकसले, "हा कुठला हात? उजव्या हातानं लिही!"

पोरीच्या हातातली पेन्सिल खाली पडली. मी पुढे होणार, तोच मेहबूब उठून अदबीनं म्हणाला,

"साहेब, तिचा उजवा त्या बाजूला आहे!"

साहेबांनी स्वतःचे दोन्ही हात पाहिले आणि पुढच्या वर्गात गेले!

* * *

शिवलिंग तोतरा. बोलायला लागला की अडायचा, आणि पोरं मदत म्हणून त्याचं वाक्य पुरं करायची. बिचारा मग गप्पच बसायचा. एका शनिवारी मात्र तो आपणहून गोष्ट सांगायला उभा राहिला.

"ए-एक... रा-रा..."

"राजा!" एकजण. "राक्षस!" दुसरा. "रामू!" तिसरी.

शिवलिंगनं टेबलावर थाप मारली.

"थां-थांबा की! गो-गोष्ट माजी हाय! रा-रानडुक्कर!"

ते रानडुक्कर पुढची घंटा होईपर्यंत पळत होतं, आणि एकानंही मध्ये तोंड घातलं नाही.

* * *

आणि मग तो रमजान. मेहबूबनं पहिलाच रोजा धरला होता. सकाळी ऐटीत येऊन त्यानं वर्गाला सांगितलं, सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही!

मधल्या सुट्टीत मी डोकावले, तर सगळा वर्ग जागेवर. डबे दप्तरात. एरवी घंटा व्हायच्या आधी ज्याचा निम्मा डबा संपलेला असायचा, तो सखारामसुद्धा हाताची घडी घालून बसलेला.

"काय रे, जेवत का नाही?"

"मेहबूबचा रोजा हाय की बाई," पद्मा कुजबुजली. "त्याला वास यील."

खिडकीपाशी मेहबूब तोंड पाडून बसला होता. मी जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला. "काय झालं रे? त्रास होतोय का?"

त्यानं रडवेल्या डोळ्यांनी वर्गाकडे बोट केलं.

"बाई, इनकू खाने बोलो ना! कबसे सबके पेटां गुरगुर कररे. सुन सुनके मेरेकू भूक लगरी!"