समासातलं ‘खरं का?’

परकारबाई गेल्याचं मला एका फलकानं सांगितलं, आणि तो फलकही मी चुकीचा वाचला. कामोठ्यात चौकाच्या कोपऱ्यावर दोन वाढदिवसांच्या फलकांच्या मधोमध बाईंचा फोटो दिसला. अर्धा फलक झाडाच्या फांदीमागे होता. फोटोभोवती फुलं होती, खाली ‘आमच्या आधारस्तंभ’ एवढंच वाचता येत होतं. आमच्याकडे माणूस फलकावर चढतो तो बहुतेक वाढदिवसाला किंवा कशावर तरी निवड झाली म्हणून. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, बाईंना कोणीतरी पुरस्कार दिला. स्कूटर बाजूला घेतली, बाईंना फोन लावला आणि पलीकडून उचलल्याबरोबर म्हणालो, “अभिनंदन बाई, पेढे कुठायत?” त्यांची भाची नसीम हळूच म्हणाली, “काका, खाला गेली. गुरुवारी.”

माझ्या फजित्यांची यादी मोठी आहे, चारचौघांत मी ती रंगवून सांगतो. ही मात्र अजून कोणाला सांगितलेली नव्हती. फोन ठेवून मी फांदी बाजूला केली आणि उरलेला फलक वाचला. ‘अखेरच्या श्वासापर्यंत आमच्या संस्थेसोबत.’ त्याखाली ‘इंग्रजीचे बारा काळ बारा दिवसांत, नवी बॅच सोमवारपासून’. त्याखाली प्रवेशासाठीचा फोन नंबर, बाईंच्या नावापेक्षा मोठ्या आकड्यांत. क्लासचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांनी स्वतः ते पुरेसं मोठं लिहिलेलं आहे. ज्या फोटोतून बाईंना कापून काढलं होतं त्यात त्यांच्या शेजारी मी उभा होतो. फलकावर माझा नुसता खांदा आला होता. मला कापलं म्हणून मी रागावलेलो नाही. राग ‘अखेरच्या श्वासापर्यंत’ याचा आहे. याच क्लासनं चार वर्षांपूर्वी बाईंना काढलं होतं. ज्या बाईंनी उभ्या आयुष्यात एक खोटं वाक्य वहीत राहू दिलं नाही, त्यांच्याच डोक्यावर असलं वाक्य टांगायचं, आणि खाली प्रवेश सुरू…

बाईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या एका ईमेलमुळे. मी तेव्हा बंदरातून माल सोडवणाऱ्या एका एजंटच्या कचेरीत कारकून होतो. एका गिऱ्हाइकाला मी इंग्रजीत कळवलं की तुमचा कंटेनर निघालेला आहे. कंटेनर जागचा हललेला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी निघायचा होता. तिकडे गिऱ्हाइकानं हमाल, क्रेन, सगळं उभं केलं आणि संध्याकाळी आमच्या साहेबांनी मला. साहेब म्हणाले, “सावंत, तुमचे काळ कच्चे आहेत, शिकून या.” मी लगेच मान हलवली. नोकरी वाचत असेल तर माणूस कुठलाही दोष कबूल करतो, आणि हा तर व्याकरणाचा, म्हणजे फारच इज्जतदार दोष होता.

पनवेलमध्ये जुन्या मोहल्ल्यात, पहिल्या मजल्यावर, बाई संध्याकाळी नोकरदारांना घरी शिकवायच्या. स्वतः उर्दू शाळेत शिकलेल्या आणि आयुष्यभर प्राथमिक शाळेतच शिकवलेल्या. इंग्रजी त्यांना आलं ते लोकांचे आखाती देशांत पाठवायचे अर्ज लिहून लिहून. आमच्या बॅचला चौघं होतो. दुबईला निघालेले दोन तरुण, बेलपाड्याचा एक ट्रेलरवाला पाटील, आणि मी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कशासाठी आलात. मी ईमेलची हकिकत माझी नेहमीची फोडणी घालून सांगितली. सगळे हसले. बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मध्ये तोडायचं नाही हा त्यांचा नियम होता, शिष्य कितीही चुकला तरी. मी थांबल्यावर म्हणाल्या, “झालं वाक्य? सावंत, तुमचा काळ अगदी बरोबर होता. खोटं होतं ते फक्त.”

हे मला अजिबात आवडलं नाही. पण खरं होतं. आपण सगळेच असे. घरात लुंगीवर बसून फोनवर ‘आलोच’ म्हणतो, ‘निघालोच’ म्हणतो, ‘तुमचं काम झालंच’ म्हणतो. जे व्हायचंय ते झाल्याच्या थाटात सांगायचं आणि समोरच्यानं ते समजून घ्यायचं, असा आपला प्रेमाचा व्यवहार आहे. तो मी इंग्रजीत नेला आणि पलीकडच्या माणसानं त्यावर विश्वास ठेवला, एवढीच माझी चूक.

बाईंच्या वर्गात एकच अट होती. वहीतलं प्रत्येक वाक्य स्वतःबद्दलचं आणि खरं असलं पाहिजे. पुस्तकातला राम शाळेत जातो, सीता आंबा खाते, हे चालायचं नाही. कोण राम, तुम्ही भेटलात का त्याला, असं विचारायच्या. वाक्याखाली लाल फुली कधी मारली नाही. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायच्या, ‘खरं का?’ मी पहिलं वाक्य लिहिलं होतं, मी रोज नऊ वाजता कचेरीत पोचतो. समासात ‘खरं का?’ मी खोडून साडेनऊ केले. पुन्हा ‘खरं का?’ शेवटी दहा लिहिले तेव्हा पेन्सिल थांबली. पाटील तर हवालदिल झाला होता. म्हणाला, “बाई, रोज काय करतं ता खरा लिवला त बायको घरान घ्यायची नाय.” बाई म्हणाल्या, मग आधी तुमच्या रोजच्यात सुधारणा करा, वाक्य आपोआप सुधारेल.

ही अट कुठून आली ते त्यांनी एकदा सांगितलं. त्यांच्या धाकट्या भावाचा अर्ज त्यांनीच लिहिला होता. भाऊ म्हणाला, लिही की मी क्रेन चालवलेली आहे. त्यांनी लिहिलं, व्याकरणात एकही चूक नाही. भावानं क्रेन लांबून पाहिलेली होती. तिकडे पहिल्या दिवशी त्याला केबिनमध्ये बसवलं आणि तीन आठवड्यांत परत पाठवलं. तेव्हापासून दुसऱ्याचं वाक्य त्या खरं आहे का विचारल्याशिवाय लिहीत नसत. “ज़बान त्याची, कलम माझं, आणि झूट दोघांचं,” एवढंच म्हणाल्या.

काळांचा तक्ता कधी दिला नाही. गॅलरीत कपड्यांची दोरी होती, तिच्यावर सगळे काळ शिकवले. हे वाळलेत. हे वाळतायत. हे बादलीत आहेत, उद्या घालीन. जो एक काळ माझ्या डोक्यात शिरतच नव्हता, आधी सुरू झालेला आणि अजून न संपलेला, तो शिरला एका जाड सतरंजीमुळे. बाई म्हणाल्या, हिला हात लावा. ओली होती. “परवापासून वाळतेय बिचारी.” हात गार पडला आणि तो काळ कळला. आजही असं वाक्य लिहिताना मला तळव्याला ओल जाणवते. बारा दिवसांत बारा काळ देणाऱ्यांनी एकदा ओल्या सतरंजीला हात लावून दाखवावा.

तो क्लास काढणारा मंदार बाईंचाच विद्यार्थी. क्लास काढला तेव्हा त्यानं बाईंना आग्रहानं बोलावलं, कारण पालक बाईंच्या नावावर येत होते. माझी मुलगी सायली तेव्हा सातवीत होती, तिलाही मी तिथंच घातलं. पुढे शेजारी मोठे क्लास आले, त्यांच्या भिंतींवर रंगीत तक्ते आले, आणि पालक विचारू लागले की महिना झाला, पोरं नुसती घरातल्याच गोष्टी का लिहितात. मंदारनं पालकांची मीटिंग बोलावली. त्या मीटिंगनंतर बाई क्लासमध्ये दिसल्या नाहीत.

गेली चार वर्षं हा किस्सा मी लोकांना असा सांगत आलो, की पालक अडाणी, मंदार व्यापारी, आणि मी बापडा गप्प बसलो होतो. गप्प बसल्याची खंत व्यक्त केली की ऐकणारे ‘जाऊ द्या हो’ म्हणतात, तेही बरं वाटतं.

फलक वाचला त्याच संध्याकाळी मी मंदारकडे गेलो. तावातावानं म्हणालो की ते वाक्य काढ, फोन नंबर काढ, नाहीतर मी वर्तमानपत्रात लिहीन. मंदारनं चहा मागवला. काका, भावना आहेत हो आमच्या, म्हणाला. मी भावनांचाही समाचार घेतला. माझं सगळं बोलून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, “काका, मी बाईंना काढणार नव्हतो. बाकीचे नुसते कुजबुजत होते. उठून बोललात ते तुम्ही.”

चहा तसाच राहिला… खरं काय झालं ते लिहितो. त्या आठवड्यात सायलीनं वहीत दोन वाक्यं लिहिली होती. माझे बाबा नेहमी ‘आलोच’ म्हणतात. ते माझ्या एकाही गॅदरिंगला आलेले नाहीत. दोन्ही वाक्यांचे काळ चोख. समासात काही नव्हतं, बाईंना विचारावंसं वाटलं नसणार. वाक्यं वर्गात वाचली गेली, मुलांनी घरी सांगितली, आणि आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी मला हसत विचारलं, “काय सावंत, आलात का?” बस, तेवढं पुरलं. स्वतःची थट्टा मी जन्मभर करत आलो, पण तिचा लगाम माझ्या हातात असतो तोवरच, हे मला त्या दिवशी कळलं.

मीटिंगला मी वेळेवर गेलो. सायलीसाठी मी आयुष्यात वेळेवर पोचलो ती एवढी एकच जागा. उभा राहिलो आणि म्हणालो की घरातल्या गोष्टी वहीत कशाला हव्यात, आम्ही फी भरतो ती काळ शिकवायची, सरळ तक्ता द्या ना मुलांना. टाळ्या पडल्या. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. टाळ्या थांबल्यावर म्हणाल्या, “झालं वाक्य, सावंत?” मी हो म्हणालो. त्यांनी पर्स उचलली, सायलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. सायली दाराकडे बघत राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

बाईंनी नंतर माझ्यावर राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं. ईदला त्यांचा शीरखुर्मा दरवर्षी घरी येत राहिला. दोन महिन्यांपूर्वी फोन आला, आवाज खोल गेलेला होता. म्हणाल्या, कपाट आवरतेय, तुमची जुनी वही सापडली, येऊन घेऊन जा. मी काय म्हणालो असेन ते वाचकांनी ओळखलंच असेल. बाई म्हणाल्या, “या सवडीनं.” सवड होती. कामोठ्याहून पनवेल ते किती लांब. मी गेलो नाही, कारण त्या दारात उभं राहून काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

शेवटी गेल्या रविवारी गेलो, सायलीला घेऊन. आता ती कॉलेजात आहे. खोलीत तीच सतरंजी अंथरलेली होती, वर पाहुणे बसून गेल्याच्या सुरकुत्या होत्या. गॅलरीतल्या दोरीवर नसीमची ओढणी आणि रिकामे चिमटे. सायली एकटीच गॅलरीत जाऊन दोरीखाली उभी राहिली, मी तिला हाक मारली नाही. नसीमनं वही आणून दिली. कव्हर बदललेलं होतं, आत माझे नऊ, साडेनऊ आणि दहा जसेच्या तसे. ‘सावंत येतील’ अशी चिठ्ठी बाईंनी वर टाचली होती. त्यावर ‘खरं का?’ असं काही लिहिलेलं नव्हतं.

तो फलक दहा दिवसांनी उतरला. मंदारला लाज वाटली म्हणून नव्हे, माझ्या दरडावण्यानंही नव्हे. कोणाचा तरी वाढदिवस होता.

वही आता माझ्या टेबलावर आहे. शेवटचं पान कोरं होतं. त्यावर मी त्या मीटिंगबद्दल इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं. पहिल्या खेपेला लिहिलं की बाईंना काढण्यात आलं. खोडलं. दुसऱ्या खेपेला, आम्ही पालकांनी काढलं. तेही खोडलं. तिसऱ्या खेपेला वाक्याची सुरुवात ‘मी’नं केली आणि काळही बरोबर आला. सायलीनं वाचलं, पेन्सिलीला टोक करून वहीवर ठेवून गेली. समास मी कोरा सोडला आहे.