आधी सगळं तोंड, मग दुखरी दाढ

टक्. थोडी शांतता. पुन्हा टक्. तीस वर्षं होत आली, पण बंद दारापलीकडून आलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तपासणीच्या छोट्या आरशाची दांडी एकेका दातावर हलकेच वाजवून कोणता दात दुखतो ते पाहतात, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मी बारामतीतल्या त्या दवाखान्याच्या बाकावर धुमसत बसलो होतो. डॉक्टरांनी मला माझ्याच बायकोजवळून उठवलं होतं.

डॉ. शमा मुलाणी यांची आणि माझी ओळख ही अशी झाली. तेव्हा मी शेळगावच्या शाळेत मराठी शिकवत होतो. सुमनची, म्हणजे आमच्या मंडळींची, दाढ ठणकत होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तंबाखू, मिसरी काही?" सुमनने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "छे! आमच्या घरात असलं काही नाही." मी शाळेत तंबाखूविरुद्ध भाषणं देणारा माणूस! बाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, दाढ कुणाची दुखतेय?"

"हिची."

"मग तुम्ही बाहेर बसा."

दार लागल्यावर सुमनने बाईंना खरं सांगितलं; मला ते घरी आल्यावर कळलं. लग्न होऊन आल्यावर थोरल्या जाऊबाईंनी, आमच्या पारूवहिनींनी, तिला मिसरी शिकवली होती. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड ती दिवसातून तीनदा हिरड्यांना लावायची. माझी सायकल शाळेच्या वाटेला लागली की मगच. एका छपराखाली राहून मला पत्ता नव्हता.

बाईंनी दाढ शेवटी पाहिली. आधी मानेतल्या गाठी बोटांनी चाचपल्या, मग ओठ उलटून पाहिले, गाल, टाळू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा. खालच्या ओठाच्या आत एक पांढरा खरखरीत चट्टा होता. कापसाच्या बोळ्याने पुसला, तो निघेना. दाढेचं औषध दिलं आणि चट्ट्याचा कणभर तुकडा तपासणीला पुण्याला पाठवला. मी कविता शिकवताना मुलांना सांगत असे, एका अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, आधी सगळी कविता वाचा. बाई तोंड तसं वाचत होत्या आणि मी मात्र घरातलीच ओळ गाळून बसलो होतो.

पुण्याहून निकाल येईपर्यंतच्या आठ दिवसांत मला एक कविता धड आठवली नाही. आमच्याकडे फोन नव्हता. रविवारी दुपारी बाई एसटीने शेळगावला आल्या, अंगणात चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "सुमनताई, कॅन्सर नाही. पण पुढे होऊ शकतो. मिसरी आजपासून बंद." सुमन रडली. मी पाणी आणायला आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो. मिसरी सुटली, चट्टा हळूहळू गेला. तरी दर सहा महिन्यांनी सुमन अजून तोंड दाखवून येते.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "तुम्ही पेशंटला रागवत कशा नाही?" म्हणाल्या, "रागावलं की माणूस पुढच्या वेळी खोटं सांगतो, गुरुजी. मग मी तपासू काय?"

एवढ्या वर्षांत आमच्या वहिनी मात्र त्यांच्या हाती लागल्या नाहीत. मी विषय काढला की ठरलेलं उत्तर, "त्वांड दाखवाय मी काय नवी नवरी हाय व्हय?" गेल्या दिवाळीत त्या जेवताना भाजी बाजूला सारत होत्या, तिखट झोंबतंय म्हणाल्या. तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर दाखवायचीच, हा बाईंचा नियम मी सांगितला. वहिनी ताटावरून उठून गेल्या. तेव्हापासून सुमनला नीट झोप नाही.

म्हणून या लेखात बाईंना दीर्घायुष्य मागताना मी निव्वळ त्यांच्यासाठी मागत नाही, हे कबूल करतो. त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, बोटं स्थिर राहोत, त्या शंभरीपर्यंत निरोगी राहोत. आमच्या भागात अजून पुष्कळ तोंडं मिटलेली आहेत.

इथवर लिहिलं आणि दाराची कडी वाजली. सुमनने दार उघडलं. बाहेर पारूवहिनी, एकट्याच, हातात कापडी पिशवी. निवृत्तीनंतर आम्ही बारामतीत राहायला आलो, पण या घरी त्या बोलावल्याशिवाय कधी आल्या नव्हत्या. पदर तोंडाला लावून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"सुमे, त्या बाईंचा दवाखाना किती वाजता उघडतो गं?"

मी लेखणी ठेवून चप्पल शोधू लागलो, तर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् भावजी, तुमी चला संगं. पर तितं भाइर बसायचं."