शहाण्यांचा भुताचा सिनेमा

भुताच्या सिनेमाला भुताइतकीच एका मूर्खाची गरज असते. मेणबत्ती घेऊन तळघरात उतरणारा, “कोण आहे तिकडे?” असं अंधाराला विचारणारा आणि उत्तर आलं नाही म्हणून आणखी खाली जाणारा एक मूर्ख. तो मिळाला नाही तर भुतानं करावं काय? बसावं बिचाऱ्यानं तळघरात, कोळ्यांशी गप्पा मारत.

नव्वदचं दशक सरता सरता मात्र एक नवाच प्रकार आला. त्यातल्या पोरापोरींनी आधीचे सगळे भुताचे सिनेमे पाहिलेले असायचे. तळघरात जायचं नाही, एकट्यानं फिरायचं नाही, आरशात फार वेळ बघायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ. आता दार करकरणार, असं कुणीतरी म्हणणार आणि दार करकरणार. सगळे हसणार. मग एकेक करून मरणारच, पण माहीतगारासारखे मरणार. असले शहाणे सिनेमे काळापुढे टिकतात का, यावर हल्ली बरंच लिहून येतं. मी वाचतो, मिशीत हसतो आणि निकाल द्यायला मनातल्या मनात अण्णांना खुर्चीवर बसवतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. आई गेली तेव्हा मी नुकताच माधवनगरला एका सूतगिरणीच्या हजेरीखात्यात चिकटलो होतो. त्यामुळे रहिमतपूरच्या दोन खोल्यांत अण्णा एकटे आणि माधवनगरच्या एका खोलीत मी एकटा, अशी आमच्या घराण्याची वाटणी झाली. शनिवारी पॅसेंजर पकडून मी गावी यायचो. जेवायला बसलं की अण्णा विचारायचे, “गाडी वेळंवर हुती?” मी म्हणायचो, “व्हय.” संपलं. पुढचं वाक्य रविवारी निघताना, “डबा घेतलास?”

मध्ये आई असायची तेव्हा आम्ही दोघं भरपूर बोलायचो, असा माझा समज होता. ती गेल्यावर कळलं, आम्ही दोघं आईशी बोलायचो. एकमेकांशी नव्हतोच बोलत.

मग मला भुतांनी हात दिला.

गिरणीतल्या एकानं विकायला काढलेला व्हीसीआर मी घेतला आणि रहिमतपूरला नेऊन टीव्हीखाली ठेवला. सांगलीतून पहिली कॅसेट आणली ती निव्वळ योगायोगानं भुताची निघाली. वेळ रविवारची दुपार. जेवणं झालेली, बाहेर ऊन रणरणतंय, खिडकीवर चादर टांगून केलेला अंधार. पडद्यावरचा नायक तळघराकडे निघाला आणि आठवडेच्या आठवडे गप्प असलेले अण्णा पलंगावरून गरजले, “आरं एकटा कुठं निघालास, मुडद्या! कव्हर कोन देनार तुला?”

मी चमकून बघितलं. अण्णा उठून बसले होते. डोळ्यांत तेज होतं.

“बॅटरी खाली धर! तोंडावर कशाला मारतोयस? दिसतंय समद्यास्नी! ए पोरांनो, फुटू नका रं, सेक्शन फोडू नका... फोडली. घ्या आता. मरा.” मग माझ्याकडे वळून, “ह्यो गडी टिकत न्हाई बघ. बुटाची नाडी सुटलीया.”

आणि खरंच तो गडी टिकला नाही.

त्या दिवसापासून मी सांगलीच्या त्या दुकानात एकच मागणी करू लागलो, “भुताचा द्या. त्यातल्या त्यात बिनडोक.” दुकानदार आधी हसायचा. मग माझं तोंड बघून हसायचा बंद झाला आणि तसल्या कॅसेटी वेगळ्या काढून ठेवू लागला. दर रविवारी अण्णा पडद्यावरच्या मंडळींची कवायत घ्यायचे. त्या शिव्यांच्या ओघात मला कळायचं की थंडीत त्यांचा गुडघा धरतो, भाकरी त्यांना अजून गोल जमत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात चहापावडर खराब देतात. भुताचा मुखवटा जितका भिकार, तितकी आमची रविवारची दुपार झकास.

अशातच शेजारच्या काकूंनी मला फाटकाशी गाठलं. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “तुमचं अण्णा घरात कुनाला तरी ओ देत्यात. घरात दुसरं कोन न्हाई. औंधाला यमाईच्या पायावर घालून आन त्यांना.”

“रेडिओशी बोलत असतील,” मी म्हणालो.

“रेडिओ हाक मारतोय व्हय रं?”

मला हे अण्णांना विचारायचं होतं. पण विचारायचं कसं? ‘अण्णा, तुम्ही ठीक आहात ना?’ असलं वाक्य आमच्या घरात आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं. मी आठवडाभर माधवनगरच्या खोलीत ते वाक्य म्हणून बघत होतो. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, सगळे आपापल्या घरी गेले, की मी दिवाणावर बसून भिंतीला विचारायचो, अण्णा, तुम्ही ठीक आहात ना. भिंत ठीक होती.

त्याच आठवड्यात दुकानदारानं बिनडोकांच्या ऐवजी एक नवी कॅसेट हातात ठेवली. हिंदीत आवाज भरलेला परदेशी सिनेमा. “साहेब, हा वेगळा आहे. ह्यात भुताचीच चेष्टा आहे. बघा तर.”

रविवारी जेवणं झाली. चादर टांगली. सिनेमा सुरू झाला आणि मी पाचव्या मिनिटाला हसू लागलो. डोंगरातल्या बंगल्यात पोरंपोरी आलेली, सगळी सिनेवेडी. एक म्हणते, “आता आपल्यातला कुणीतरी लाकडं आणायला एकटा जाणार.” दुसरा म्हणतो, “मी कशाला जाऊ? सगळे जाऊ.” आणि सगळे हात धरून लाकडं आणायला निघतात! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. इतके दिवस मूर्ख बघून बघून माझेच डोळे मंद झाले होते.

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की खोलीत मी एकटाच आवाज करतोय.

अण्णा पलंगावर आडवे झाले होते. डोळे उघडे, नजर छताकडे.

“काय अण्णा? आवडंना?”

“न्हाई, चांगला हाय.”

“मग?”

“ह्यांना समदंच ठावं हाय. आपण काय सांगायचं?”

बघा हं. मोठमोठे समीक्षक पानंच्या पानं लिहितात, ते अण्णांनी आडव्यानंच सांगितलं. सिनेमानं अण्णांची नोकरी घेतली होती. सूचना द्यायला माणूस नेमला होता आत, पडद्यातच. बाहेरच्या माणसाला आता फक्त बसायचं होतं. आणि नुसतं बसणं अण्णांच्या वाट्याला आठवडाभर भरपूर होतं.

मी हात पुढे केला, बंद करावा म्हणून. तेवढ्यात पडद्यावरचा तो वात्रट पोरगा म्हणाला, “अब बत्ती जाएगी.” आणि खरं सांगतो, खोटं वाटेल, पण आमच्या रहिमतपूरची लाईट गेली.

पंखा गरगरत थांबला. अंधारातून अण्णा म्हणाले, “लय हुशार हाय पोरगं. आमच्या वायरमनला बी वळखतंय.”

आम्ही दोघं हसलो. चादरीच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका भिंतीवर पडला होता, तेवढाच उजेड. मी मनात ते वाक्य जुळवत होतो. अण्णा, तुम्ही ठीक... पण अण्णाच बोलले.

“एवढं समदं नियम हाईत त्या पोरांकडं. हाकंचा हाय का?”

हाकेचा नियम आमच्या भागात पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात. दाराबाहेरून कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेची वाट बघायची. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो, भूत मारत नाही. म्हणून तर आमच्याकडच्या माणसाला पहिल्या हाकेला बहिरा समजायची पद्धत आहे.

“त्यांच्याकडं न्हाई तो नियम,” मी म्हणालो. “तिकडं दाराला घंटी असती.”

“हं.” अण्णा माझ्याकडे कुशीवर वळले. “भूत हाक मारतं ती नाव घेऊन मारतं. नाव घेतल्याबिगर त्याला मानूस घावत न्हाई. खरं का न्हाई?”

“व्हय. असंच म्हणत्यात.”

“आन् तुझ्या आईनं माझं नाव कवा घेतलं?”

“कधीच न्हाई. ‘आवं’ म्हणायची.”

“एकदा घेतलं. लग्नात, उखाण्यात. बायकांनी दार धरलं, आत सोडंनात, तवा. त्यात बी निम्मं गिळलं.” अंधारात अण्णा हसल्याचा आवाज आला. मग हसू नसलेला आवाज आला. “सैपाकघरातनं हाक येती. ‘आवं, ऐकलं का?’ एवढंच. नाव न्हाई. तिसरी हाक न्हाई, हे मला बी कळतंय. पर नावच न्हाई तर नियम लागतोय का? मला सांग. ही भूत कशी?”

माझ्या तोंडून इतकंच निघालं, “मग तुम्ही काय करता?”

“ओ देतो.”

“आन्?”

“जातो. आत कोन नसतंय. मग पानी पितो आन् येतो. त्याच कामाला गेल्यासारखं.”

फौजेतला माणूस. नियम त्यांनी मोडला नव्हता, नियमातली फट शोधली होती. मी म्हणालो, “माधवनगरला चला माझ्याकडं. खोली लहान हाय, पण चालंल.”

अण्णांनी विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, “तिला माधवनगर कुठं ठावं हाय?”

लाईट आली. पंखा कुरकुरत फिरू लागला. मी उठून व्हीसीआर बंद करणार, तर अण्णा म्हणाले, “लाव की. बघू त्या शहाण्यांचं काय झालं ते.”

शेवटी शेवटी त्यात एक जागा आहे. सगळ्यांत शहाणी पोरगी, जिनं बाकीच्यांना सगळे नियम शिकवलेले, ती एकटी उरते. सुटायचं तर मागच्या दारानं पळायचं, हे तिला ठाऊक. आणि वरच्या खोलीतून तिच्या मैत्रिणीचा आवाज येतो. मैत्रीण मेलेली आहे, ह्या पोरीनंच तिच्या प्रेतावर पांघरूण घातलेलं आहे. तरी ती जिना चढू लागते.

मी वैतागलो. “हात्तिच्या! एवढी शहाणी, आणि निघाली!”

अण्णा केव्हाच उठून बसले होते. अजिबात न ओरडता म्हणाले, “जानारच. आवाज वळखीचा हाय.”

मध्यंतरी तो सिनेमा मी पुन्हा पाहिला, घरी, एकट्यानं. बहुतेक गमती मेलेल्या निघाल्या. ज्या सिनेमांची त्यांनी टिंगल केली, ते सिनेमे आज कुणाच्या लक्षात नाहीत, त्यामुळे ती पोरं कुणावर हसतात तेच कळत नाही. शहाणपणसुद्धा कपड्यांसारखं त्या त्या सालचं असतं. त्यांच्या विजारी जितक्या ढगळ वाटल्या, तितकेच त्यांचे विनोद. पण जिन्याची जागा आली आणि मी ताठ बसलो. ती पोरगी चढताना हसत नाही, टोमणा मारत नाही, आपण सिनेमात आहोत हे विसरते. ती जागा टिकली आहे, असं मी छातीठोकपणे सांगतो. सिनेमामुळे टिकली की अण्णांमुळे, ते मात्र मला विचारू नका. त्याचा हिशेब करायला दुसरा प्रेक्षक पाहिजे.

औंधाला मी त्यांना नेलं नाही. काकूंना सांगितलं, रेडिओच आहे. त्या माझ्याकडेही तशाच बघू लागल्या.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बिनडोक सिनेमा नेला. स्मशानात सहल काढणारी मंडळी होती. अण्णा रंगात आले होते. “तंबू उतारावर ठोकतोयस व्हय? पाऊस आला तर वाहून जाशील, भूत कशाला पायजे तुला?” असं चाललेलं असताना ते मध्येच थांबले. मान स्वयंपाकघराकडे वळली.

“आलो,” असं म्हणून उठले. माझ्याकडे न बघता आत गेले.

मी सिनेमा थांबवला. कान देऊन ऐकलं. बाहेर कुणाची तरी बैलगाडी चालली होती. आतून काही नाही. मग वाटलं, तिनं मला हाक मारली तरी ती नावानंच मारणार. मला ती कायम नावानंच हाक मारायची, चांगलं लांबवून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. म्हणजे मला नियम पूर्ण लागू होता. माझ्यासाठी कुठलीही फट नव्हती.

माठावरचं झाकण वाजलं. अण्णा पाण्याचे दोन पेले घेऊन बाहेर आले. एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः प्यायले, मिशी पुसली आणि पलंगावर मांडी घालून बसले.

“लाव,” म्हणाले. “तंबू वाहून चाललाय त्यांचा.”