सांडूभाऊंचं नाक

सांडू दांडगे यांचं नाक दिसायला अगदीच बेताचं होतं. थोडं बसकं, आणि डाव्या बाजूला लहानपणी बैलाचं शिंग लागल्याची खूण. पण शहराबाहेरच्या ज्या कारखान्यात घरगुती गॅसच्या टाक्या भरतात, तिथं त्या नाकाला जो मान होता तो मॅनेजरच्या खुर्चीलाही नव्हता.

सांडूभाऊ मूळचे दौलताबादकडचे. घरी पाच एकर रान आणि पेरूची बाग. थोरल्यानं बाग सांभाळायची आणि धाकट्यानं नोकरी शोधायची, अशी वाटणी वडिलांनी हयातीतच करून टाकली होती. धाकटे सांडूभाऊ चोविसाव्या वर्षी कारखान्यात टाक्या उतरवायला लागले. पहिल्याच दिवशी गेटवर त्यांची काडेपेटी, बिडीचं बंडल आणि खिळे ठोकलेल्या चपला काढून घेतल्या, तेव्हा ते चिडले होते. लोखंड घासलं तर ठिणगी पडते, म्हणून इथं हातोडीसुद्धा पितळेची असते, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मग मात्र ते असे कट्टर झाले की पाहुण्यांच्या लग्नातही सिगारेट ओढणाऱ्याला मांडवाबाहेर काढायचे.

नाकाची कीर्ती सुरू झाली ती एका ट्रकपासून. तीनशे सहा टाक्या भरून ट्रक गेटातून निघाला होता, आणि जेवणाचा डबा धुऊन परत येणारे सांडूभाऊ मधेच थांबले. "तिसऱ्या रांगेत एक गळतीय," म्हणाले. ड्रायव्हर हसला. शेवटी टाक्या उतरवल्या, तिसऱ्या रांगेतली एकेक हौदात बुडवली, आणि पाचव्या टाकीच्या तोंडातून पाण्यात बारीक बुडबुडे निघाले. त्या दिवसापासून सांडूभाऊंची हमाली सुटली आणि ते सुरक्षा विभागात आले. त्यांना स्वतःलाही याचं फारसं नवल वाटलं नाही. आपल्याला येतं ते येतं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आता थोडं परमिटबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. गॅसच्या कारखान्यात वेल्डिंग करायचं तर आधी कागद लागतो. त्या कागदाला परमिट म्हणतात. त्यात एक रकाना असतो: मीटर लावून हवेत गॅस किती आहे ते मोजायचं आणि आकडा लिहायचा. आकडा शून्य असेल तरच ठिणगी पाडायची. मीटर कारखान्यात होतं, चांगलं होतं, वेळच्या वेळी तपासूनही येत होतं. पण ते सुरू करून, कोपऱ्याकोपऱ्यात आणि नालीच्या तळाशी धरून मोजायचं म्हणजे वीस मिनिटं जायची. सांडूभाऊंना अर्धं मिनिट पुरायचं. ते वाकायचे, दोनदा श्वास ओढायचे आणि म्हणायचे, "शून्य." ते शून्य रकान्यात जायचं. मीटर मात्र कपाटात. खंडेनवमीला तेवढं बाहेर निघायचं, गेटाबाहेर पाटावर बसायचं, हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल घ्यायचं, आणि परत कपाटात जायचं. देवाला नमस्कार आणि काम नाकाला, अशी ती तऱ्हा होती.

यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. वेल्डर रामकिसन तर म्हणायचा, "हातच्या काकणाला आरसा कशाला? भाऊ हायेत की." रामकिसन अकरा वर्षं सांडूभाऊंच्या शून्यावर ठिणग्या पाडत होता.

मग करोनाची दुसरी लाट आली. वैशाखात सांडूभाऊ पंधरा दिवस तापानं पडून होते. ताप उतरला, खोकला गेला, पण वास काही परत आला नाही. पेरू हातात घ्यावा तर नुसता थंड गोळा. कारखान्यात रुजू झाले त्या दिवशी ते टाक्या भरायच्या शेडमध्ये उभे राहिले. जिथं वास नाही असा दिवस नसतो, तिथं त्यांना काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा श्वास ओढून पाहिला. पण तेवढ्यात रामकिसननं लांबून हात हलवला, "आले का भाऊ! तुमच्याबिगर काम अडलं होतं," आणि सांडूभाऊ हसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. येईल वास, आठ-पंधरा दिवसांत येईल.

दसरा झाला तरी आला नाही. मधल्या काळात त्यांनी सहा-सात परमिटांवर शून्य दिलं होतं. त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की डोळ्यांनी पाहून, कान देऊन, अंदाजानंही कळतं. सत्तावीस वर्षांचा अनुभव का फुकट जातो?

ही समजूत मोडली ती त्यांच्या बायकोनं, चतुराबाईंनी. एका सकाळी त्या मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या, आणि सांडूभाऊ गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर बसून दाढी करत होते. चतुराबाई धावत आत आल्या तेव्हा दूध करपून पातेल्याचं बूड काळं झालं होतं आणि करपट वास घरभर कोंदला होता.

"अवो, वास नाय आला?"

"लक्ष नव्हतं."

 चतुराबाईंनी फळीवरून एक डबी काढली, झाकण उघडलं, आणि मागून येऊन नवऱ्याच्या नाकाखाली धरली. "डोळे झाका. काय हाये सांगा."

सांडूभाऊंनी श्वास ओढला. "चहाची पूड."

डबी हिंगाची होती. चतुराबाई तिथंच खाली बसल्या. "कारखान्यात सांगितलं?"

"येईल की परत. डॉक्टर म्हणतो, येतो."

"येईल तवा येईल. तवर काय?"

सांडूभाऊंनी तोंड धुतलं आणि डबा न घेताच घराबाहेर पडले. 

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, म्हणजे टाक्या भरणं बंद आणि दुरुस्तीची कामं चालू. शेडमागच्या नालीवरची जाळी मोडली होती, ती रामकिसन जागेवरच जोडणार होता. उमा सेलूकर ही सुरक्षा अधिकारी दोन महिन्यांपूर्वीच आली होती. बोलणं मऊ, पण कागदाला पक्की. ती परमिट घेऊन उभी होती. अग्निशमनाचा पाइप अंथरला होता. रामकिसन हाक मारत होता, "भाऊ, या, नाक लावा!"

सांडूभाऊ नालीजवळ गेले, वाकले, दोनदा श्वास ओढला. काही नाही. काही नसणारच होतं.

"शून्य," ते म्हणाले. इतक्या वर्षांची जिभेची सवय.

उमानं विचारलं, "मीटर लावलं का?"

उत्तर रामकिसननं दिलं. "मॅडम, मीटर एकवेळ खोटं बोलंल, पण भाऊचं नाक नाय." आणि त्यानं हातातली वेल्डिंगची कांडी कपाळाला लावली, जशी तो नेहमी लावायचा, तोंडावर काळ्या काचेचं झाकण ओढलं आणि गुडघा टेकला.

उमानं कागदाकडे पाहिलं. ती नवीन होती, सगळा कारखाना एका बाजूला होता, तिनं सही केली.

सांडूभाऊ दहा पावलं चालले.  रामकिसनचा जीव कुणाच्या शब्दावर टांगला होता ते त्यांना ठाऊक होतं. ते वळले आणि असे ओरडले की पलीकडच्या गेटावरचा पहारेकरी उभा राहिला.

"थांब! रामकिसन, कांडी खाली ठेव! मला वास येत नाय!"

कुणाला काही कळलं नाही. सांडूभाऊ पळत जाऊन मीटर घेऊन आले. बटणाखाली कुंकू अजून लागलेलं होतं. मीटर सुरू झालं, जमिनीवर शून्य दाखवलं. रामकिसन म्हणाला, "बघा!" सांडूभाऊंनी मीटरची नळी नालीत खाली सोडली. गॅस हवेपेक्षा जड, तो तळाशी जाऊन बसतो, हे त्यांनी शेकडो नव्या माणसांना शिकवलं होतं. नळी तळाला लागली आणि मीटर किंचाळायला लागलं.

मागच्या भिंतीशी ठेवलेल्या जुन्या टाक्यांपैकी एक हळूहळू गळत होती, आणि रात्रभर तिचा गॅस नालीत साठला होता. त्याचा वास लोकांना आला नव्हता का? आला होता. दोघांनी नंतर सांगितलं की थोडा आला होता. पण भाऊंनी शून्य म्हटल्यावर आपण कोण बोलणार?

रामकिसननं झाकण काढलं. चेहरा पांढरा पडला होता. "कधीपासून?" त्यानं विचारलं.

"वैशाखापासून."

"म्हंजे मागल्या महिन्यात मोठ्या टाकीच्या पायऱ्या जोडल्या तवाबी?"

"व्हय."

रामकिसन उठला आणि निघून गेला.

उमा अहवाल लिहायला बसली तेव्हा सांडूभाऊ समोर उभे राहिले. "माझं नाव लिवा. सहा-सात परमिटं झाली, तीबी लिवा." ती म्हणाली, "कायद्यात मीटरचा आकडा लिहायला सांगितलंय, माणसाचं मत नाही. सही माझी आहे, तीही लिहिते." सांडूभाऊंना त्या पोरीबद्दल त्या क्षणी फार आदर वाटला.

पुढच्या शनिवारच्या प्रशिक्षणाच्या वर्गात सांडूभाऊंनी स्वतःच उभं राहायची परवानगी मागितली. खिशातून चतुराबाईंची डबी काढली, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एका नव्या कामगाराला त्यांनी डबी नाकाखाली धरायला लावली. हिंगाचा उग्र वास मागच्या बाकापर्यंत गेला. "हिंग हाये हे मला ठाऊक हाये, पण वास येत नाय," सांडूभाऊ म्हणाले. काहीजण हसले, त्यांना नाटक वाटलं. रुमाल सोडला तेव्हा कुणी हसत नव्हतं. "नाक आजारी पडतं. वासात राहून राहून बधिर होतं. लाजतंबी. मीटर लाजत नाय." रामकिसन दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. संपायच्या आधीच तो गेला.

सांडूभाऊंची नोकरी राहिली, लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी करून देवघरात ठेवली. परंतु आता कुणी त्यांना हाक मारत नव्हतं. ते गेटावर काडेपेट्या जमा करत बसायचे. रामकिसन सकाळी गेटातून जायचा, काडेपेटी ठेवायचा, वर बघायचा नाही. याचं दुःख ताकिदीपेक्षा मोठं होतं, आणि चतुराबाईंना ते जेवणावरून कळायचं.

महिना गेला. एका सकाळी रामकिसन गेटाशी येऊन थांबला. खांद्याला मीटरचा पट्टा होता.

"भाऊ, चला. पंपाजवळ पाइप जोडायचाय."

सांडूभाऊ उठले नाहीत. "मला वास येत नाय रे. अजूनबी नाय."

"ठाऊक हाये. म्हणूनच तर आलो." रामकिसननं मीटर त्यांच्या हातात दिलं. "ज्याला वास येतो तो मीटर वरच्यावर धरून मोकळा होतो. तुम्ही तळापर्यंत नेल्याबिगर सोडणार नाय."

सांडूभाऊंनी मीटर सुरू केलं. वीस मिनिटं लागली. शून्य आलं. त्यांनी नळी वर घेतली, पुसली, आणि म्हणाले, "थांब, अजून एकदा लावतो." रामकिसन कांडी घेऊन निवांत बसून राहिला.