बंड्या आणि अर्धी खारी

बंड्या काल गेला.

त्याला माझ्या घरी मुद्दाम आणलेलं, हा माझा संशय अजून गेलेला नाही.

पाच वर्षांपूर्वी माझी बायको सुमन वारली. नंतरचे चार महिने मी बिल्डिंगचा जिना उतरलो नाही. दाढी नाही, झोप नाही, बीपी वर.

एका रविवारी सून स्वाती कुत्रा घेऊन आली. हाच बंड्या.

"बाबा, मैत्रिणीची बदली झालीय. पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे."

पंधरा दिवस झाले. मैत्रिणीचं नाव एकदा नेहा सांगितलं, एकदा निशा.

मी काय ते ओळखलं. म्हाताऱ्याला घराबाहेर काढायचा डाव.

पण बंड्या सकाळी सहाला दाराशी उभा. घर झोपलेलं. नेणार कोण?

वर्तकनगरच्या बागेत तो एकाच बाकाजवळ बसायचा. ओढला तरी हलायचा नाही. बाकावर सावंत, रिटायर्ड पोस्टमन.

हा माणूस माझा कुत्रा पळवणार, अशी माझी खात्री. एक दिवस सरळ त्याच्या खिशात हात घातला.

"काय फौजदार, सापडलं काही?"

अर्धी खारी सापडली. उरलेली अर्धी बंड्याच्या तोंडात.

"घ्या, तुम्हीपण खा."

खाल्ली. मग रोजच.

बीपी उतरलं. मला मशीनचाच संशय. टेंभी नाक्यावर दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. तिथेही तेच.

"आजोबा, गोळी अर्धी करू."

मी विचारलं, "सुनेचा फोन आलेला का?"

परवा बंड्याने खाणं सोडलं. काल संपला. प्राण्यांच्या डॉक्टरला तीनदा विचारलं, कोणी काही खायला घातलं नाही ना?

"किडनी गेल्या, आजोबा. वय झालेलं त्याचं."

आज सहाला जाग आली. दाराशी कोणी नव्हतं. पुन्हा पांघरूण ओढलं.

घाबरलो. ते चार महिने परत येणार, असं वाटलं.

साडेसहाला सावंतचा फोन. "कुठेयस?"

"कुत्रा नाही आता."

"माहितीय. त्याची खारी उरलीय. ये खाली."

त्याला कोणी सांगितलं? मी तर नाही.

स्वाती ओट्याशी पाठ करून उभी. जरा जास्तच गप्प.

मी चपला घातल्या.

बंड्या, लेका, तूही यांनाच सामील होतास. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तरी येत होतो ना तुझ्याबरोबर.

जा आता. सुखाने जा.