मिरच्यांचा ठसका

निजामाच्या राज्यात प्लेग आला आणि आम्ही मुखेडबाहेर झोपड्यांत राहायला गेलो. तिथली नर्सबाई रोज सकाळी स्वतःवरूनच मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकायची. ठसका लागला की खोकत खोकत हसायची, "दृष्ट न्हाई लागली! चला, औषध घ्या."

एक रोगी दगावला, तेव्हा मात्र ती उठेचना. "माझ्या हाताला गुणच न्हाई," म्हणाली.

तिनंच बरी केलेली माझी आई उठली आणि तिनं बाईची दृष्ट काढली. मूठ चुलीवर झटकली. ठसका लागलाच नाही.

"बघा बाई, लई लागली होती. निघाली आता."

"तरीच!" म्हणत बाईनं पदर खोचला आणि ती औषधं वाटायला गेली.

आईनं हळूच मला दुसरी मूठ उघडून दाखवली. सगळ्या मिरच्या तिच्यातच होत्या.